तिठ्यावरची ट्रंक

आमच्या घरात देवांपेक्षा भुतं जास्त होती, आणि ती सगळी माझी होती. देव एका कोनाड्यात मावत. भुतांना मात्र खाटेखालची अख्खी पत्र्याची ट्रंक लागे, आणि ती भरली की उरलेली मंडळी मी तांदळाच्या डब्यामागे खपवत असे. ट्रंक बाबांची. गावाहून मिलमध्ये लागायला आले तेव्हा त्यांनी ती बरोबर आणलेली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि गाव होतं, आणि आत ‘मसणवटीची सून’, ‘हाडळीचं लग्नघर’, ‘सापळ्यांचा सेनापती’ असा गोतावळा. बहुतेकांच्या मुखपृष्ठावर एकच बाई असायची. केस मोकळे, तोंड उघडं, पदर ढळलेला आणि मागच्या खिडकीतून येणारा एक हिरवा हात. चित्रकार सगळीकडे एकच असावा, कारण हाताला बोटं सहाच असायची. आई ती चित्रं बघून म्हणायची, "ह्या बाईला घरात कोणी पिना देत नाही काय गं?"

आता ह्याच पुस्तकांना विंटेज म्हणतात. परवा पवईच्या एका चकचकीत ऑफिसातला मुलगा जुन्या भयकथांबद्दल विचारायला माझ्या मुलुंडच्या घरी आला होता. त्याने पिशवीतून तसलंच एक पॉकेटबुक काढलं. ते त्याने प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं होतं आणि मला म्हणाला, "मॅडम, प्लीज हात लावू नका, घामाने खराब होतं." मी त्याला चहा दिला. आमच्या पुस्तकांवर घाम होता, खोबरेल तेल होतं, हळदीचे अंगठे होते, आणि एका प्रतीत तर चिरडलेलं झुरळ होतं, ज्याला आम्ही खूण म्हणून तसंच ठेवलं होतं. जुनं पुस्तक म्हणजे दुसऱ्याने आधी खरकटं करून ठेवलेलं पुस्तक, आणि मला ते तसंच आवडायचं. काही नतद्रष्ट वाचक पहिल्याच पानावर पेन्सिलीने ‘खुनी दिवाणजी आहे’ असं लिहून ठेवत. अशा लोकांना काय शिक्षा व्हावी ह्यावर मी त्या काळात खूप विचार केला आहे.

पुस्तकं मिळायची ती वेलजीभाईंकडे. घाटकोपर स्टेशनकडून आमच्या चाळीकडे येताना डाव्या हाताला त्यांचं रद्दीचं दुकान होतं. आमचा व्यवहार अदलाबदलीचा. मी चाळीतली जुनी वर्तमानपत्रं गोळा करून न्यायची, ते ती तराजूत टाकायचे आणि मला मागच्या चहाच्या खोक्यात हात घालू द्यायचे. त्या खोक्यात काय असेल ते सांगता यायचं नाही. शाळेची गाइडं, पाककृती, कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम, आणि नशीब असेल तर तळाशी एखादी कवटी. वेलजीभाई स्वतः वाचत नसत, पण माझी आवड त्यांनी बरोबर ओळखली होती. मी दिसले की लांबूनच हाक मारायचे. "शालूताई, मुलुंडला एक घर खाली झाला. म्हातारा गेला. काय भूतं सोडून गेला, पाहा." आणि धोतराने पुसून मला एकेक पुस्तक द्यायचे. मी कॉलेजात होते, कॉमर्सला. ताळेबंदाचं गणित कधी जमलं नाही, पण कुठल्या लेखकाचं भूत बांगड्या वाजवतं आणि कुठल्याचं पैंजण, हे झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं.

ही पुस्तकं मी एकटीने वाचली असं मात्र झालं नाही, आणि ह्याला कारण टिकल्या. मरोळच्या एका छोट्या कारखान्यातून टिकल्यांचे ढीग आणि कोरी कार्डं चाळीत यायची. त्या टिकल्या कार्डावर ओळीने चिकटवून द्यायच्या, हे आमच्या मजल्यावरच्या बायकांचं काम. दुपारची जेवणं आटोपली की सगळ्या गॅलरीत भिंतीला पाठ टेकून बसत. शेजारच्या खोलीतलं शिवणयंत्र खडखडत असायचं, खाली पिठाची गिरणी घरघरायची, आणि कुणीतरी उशिरा भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास सगळ्या गॅलरीभर पसरलेला असायचा. आईला वाचायला येत नव्हतं. तिने एकदा मला म्हटलं, "काय फिदीफिदी हसतेस एकटीच, मोठ्याने वाच ना." मी वाचलं. त्या दिवशी कार्डं रोजच्यापेक्षा लवकर संपली, आणि तेव्हापासून मी कॉलेजातून आले की गॅलरीत माझी जागा राखलेली असायची. ऐकताना बायका घाबरत असतील असं कुणाला वाटेल, पण त्या भुताच्या चुका काढत. समोरच्या पारकरकाकू तर हाडळीलाच सुनावायच्या. "अगं बाई, पिंपळावर कशाला बसतेस, खाली ये, काम आहे इथे ढीगभर." आई हसायची नाही. ती मन लावून ऐकायची, आणि रात्री कुळथाची पिठी ढवळताना मला हळूच विचारायची, "ती खरंच मेली होती की दाखवत होती?"

बाबा आतल्या खोलीत खाटेवर असायचे. मिल बंद पडली होती. बंद पडल्यावरही बरेच दिवस ते सकाळी शर्ट घालून, आईने भरलेला डबा घेऊन जात, फाटकापाशी बाकीच्या कामगारांबरोबर उभे राहत, डबा खात आणि परत येत. मग बाकीचे यायचे कमी झाले. काहींनी भाजीची गाडी टाकली, काही गावाला गेले, काही वॉचमन झाले. एक दिवस बाबा फाटकापाशी एकटेच उभे होते, असं कुणीतरी आईला सांगितलं. त्यानंतर ते गेलेच नाहीत. शर्ट खुंटीला राहिला आणि बाबांचं बोलणं बंद झालं. विचारलं तर ‘हं’ म्हणायचे. जेवायला वाढलं तर जेवायचे. डॉक्टरांनी तपासून टॉनिक दिलं, शरीराला काही झालेलं नाही म्हणाले. घरात जो माणूस आंघोळ करतानाही मोठमोठ्याने बोलायचा तो भिंतीकडे तोंड करून पडलेला बघणं मला सहन व्हायचं नाही. मला भुतांची कधी भीती वाटली नाही, पण त्या पाठीची वाटायची. मी गॅलरीत आवाज चढवून वाचायचे, त्यातला थोडा तरी आत जावा म्हणून.

अशात गावाहून गोदाआत्या आली. बाबांची मोठी बहीण. तिच्या पिशवीतून आमसुलं निघाली, सुके बांगडे निघाले, फणसाची साटं निघाली, आणि मग मतं निघू लागली ती थांबेचनात. दुसऱ्याच दुपारी ती गॅलरीत येऊन बसली. मी ‘मसणवटीची सून’ वाचत होते आणि ते अगदी रंगात आलं होतं. खोतांच्या घरातली सून विहिरीत पडून मेली आहे. कुणी ढकललं ते माहीत नाही. रोज तिन्हीसांजा झाल्या की मागच्या दारावर थाप पडते. घरातले सगळे एकेक करून पळून गेले आहेत, सासू एकटी उरली आहे, आणि तिने आज दाराच्या कडीला हात घातला आहे. इथे आत्याने माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं.

"शाले, ह्या काय चल्लाहा?" ती म्हणाली. "भर दुपारी, उंबऱ्यार बसान भुतांची नावां घेतास? आणि मगे म्हणतास, माझ्या भावाची वाचा खय गेली?"

"आत्या, गोष्ट आहे ती."

"गोष्टीक पाय असतत. ही पुस्तकां खयसून हाडलंस?"

मी खरं ते सांगितलं. रद्दीतून. माणसं मेली की घरं रिकामी होतात, तिथून. आत्याने आईकडे बघितलं आणि सगळं उलगडल्यासारखी मान हलवली. मेलेल्यांच्या घरातल्या, भुतांच्या गोष्टी, बाबांच्या नावाच्या ट्रंकेत, बाबांच्याच खाटेखाली. खरं सांगायचं तर ऐकताना मलाही जरा कसंसंच झालं. एवढी पुस्तकं वाचली होती, पण असा कट एकाही लेखकाला सुचला नव्हता.

उतारा टाकायचं ठरलं. मी भांडले असते, पण आईने मला मोरीपाशी नेऊन विचारलं, "तुझे बाबा बोलणार असतील तर पुस्तकं देशील ना गं?" तिचा चेहरा बघून मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. मला पुस्तकं हवी होती, पण बाबा त्याहून जास्त हवे होते. बाबांना पाटावर बसवलं. आत्याने भात, लिंबू, अंडं आणि नारळ त्यांच्यावरून उतरवला, पुटपुटत गाऱ्हाणं घातलं आणि ते सगळं ट्रंकेच्या झाकणावर ठेवून वर गुलाल टाकला. बाबा समोर बघत बसले होते. संपल्यावर त्यांनी ‘हं’ म्हटलं आणि परत खाटेवर गेले.

ट्रंक तिठ्यावर ठेवून यायची, येताना मागे वळून बघायचं नाही आणि घरात शिरण्याआधी पाय धुवायचे, असा नियम. ट्रंक उचलायला आई आणि मी. आई पुढे, मी मागे, आणि भरलेली ट्रंक किती जड असते ते तुम्ही उचलून बघा. आमच्या चाळीखालचा तिठा म्हणजे स्टेशनचा रस्ता, बाजाराचा रस्ता आणि चाळीचा चढ जिथे मिळतात ती जागा. तिन्हीसांजेला तिथे सगळं घाटकोपर असतं. लोक आमच्याकडे बघून बाजूला होत होते, लिंबू घरंगळत होतं, मी ते हनुवटीने अडवत होते आणि आई दात आवळून म्हणत होती, "बोलू नकोस, बोलू नकोस." परत येताना मी मागे वळून बघितलं नाही. डोळ्यांत पाणी होतं, बघून दिसलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी तिठ्याचा नकाशाच बदलला. भाजीवालीने गाडी पलीकडे नेली. रिक्षावाले वळसा घालू लागले. झाडूवाल्याने बाकीचा सगळा तिठा लखलखीत झाडला आणि ट्रंकेला हात न लावता तिच्याभोवती कचऱ्याची एक चौकट सोडली. अंडं कावळ्याने नेलं, तेवढाच एक धाडसी प्राणी. वेलजीभाई हातगाडी घेऊन आले, त्यांनी झाकणाच्या फटीतून डोकावणारा सहा बोटांचा हात ओळखला आणि मला वर येऊन सांगितलं, "ताई, तुमची सगळी भूतं खाली बसली आहेत. मी रद्दीत काय पण घेतो. पण लिंबूवाला माल नाय घेत." बाबा बोलले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही बोलले नाहीत. आत्या म्हणाली, बाधा जुनी आहे, सुटायला वेळ लागेल.

बोलत होत्या त्या बाकीच्या बायका. दुपारी टिकल्या चिकटवायला बसल्या की सगळ्यांना ती सासू आठवायची, कडीला हात घालून उभी. टिकल्या वाकड्या लागू लागल्या. कुणी म्हणे सून आत येऊन नरडं धरणार, कुणी म्हणे दाराबाहेर कुणीच नसणार. पारकरकाकूंनी मला शेवट आठवून सांगायला लावला. मी वाचलाच नव्हता. जुनं पुस्तक आणलं की शेवट आधी बघायचा नाही, हे माझं व्रत होतं आणि ते मी नेमकं नको तिथे पाळलं होतं. मग झाडूवाल्याने खालून ओरडून सांगितलं की मुकादम म्हणतो, कचऱ्याची गाडी उद्या येईल, फावड्याने उचलू आणि देवनारला टाकू. मी उठून कठड्यापाशी गेले. वरून ट्रंकेवरचं बाबांचं नाव गुलालाखालीही वाचता येत होतं. ते नाव आता डम्पिंगच्या ढिगाऱ्यावर पडणार होतं.

"जा ना गं, एकच पुस्तक घेऊन ये," पारकरकाकू म्हणाल्या. "तुला कुठे भुतं लागतात."

"तुम्ही जा की काकू."

"मला नातवंडं आहेत बाई."

"कोणी हात लावूचो नाय," आत्या दारातून म्हणाली. "जो उचलीत तेका लागतला. माझ्या भावाचा दुसऱ्याक लागतला."

आतून खाट करकरली. बाबा उठले होते. त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला, झटकला, घातला आणि एकेक बटण लावत बाहेर आले. ते चपला घालू लागले तेव्हा आत्या म्हणाली, "बाबू, खय चल्लंस?"

बाबांचा आवाज बसला होता. खाकरून ते म्हणाले, "माझ्यावरसून उतरवलास ना? मगे ता माझाच. माका परत काय लागतला?"

ह्यावर आत्याकडे उत्तर नव्हतं. मी नंतर ह्या शास्त्रातल्या बऱ्याच जाणकारांना विचारलं आहे, त्यांच्याकडेही नाही. आम्ही कठड्यावरून वाकून बघितलं. बाबा चढ उतरून गेले, तिठ्यावर लोक थबकले, एका म्हाताऱ्याने त्यांना हात करून अडवायचा प्रयत्न केला. बाबांनी लिंबू उचलून गटारात टाकलं, नारळ काखेत मारला, ट्रंक खांद्यावर घेतली आणि सगळ्या घाटकोपरच्या देखत वर आले. शर्टावर खांद्यापासून खाली गुलालाचा ओघळ आला होता. ट्रंक त्यांनी गॅलरीतच ठेवली आणि नारळ आईच्या हातात दिला. "सोलकढी कर," म्हणाले. आत्या कपाळावर हात मारून आत गेली. तिच्याच आमसुलांची ती सोलकढी तिने रात्री दोनदा मागून घेतली, हे इथे नोंदवून ठेवते.

मी ‘मसणवटीची सून’ शोधून काढलं आणि बसले. बायका सरकून जवळ आल्या. मी तोंड उघडणार तोच बाबांनी हात पुढे केला. "हडे दी." त्यांनी चष्मा लावला आणि उंबऱ्यावर बसून वाचायला लागले. बाबांचं वाचन म्हणजे जोडाक्षरं आली की अडखळायचं, स्वल्पविराम आला की पूर्ण थांबायचं. सासूने कडी काढली. दार करकरलं. बाबांनी पान उलटलं, आणि मी त्यांच्या मागे उभी होते म्हणून मला दिसलं की पुढे पान नव्हतं. शेवटची पानं कुणीतरी कधीच फाडून नेली होती. समोर मलपृष्ठाच्या आतली जाहिरात होती, केस काळे करणाऱ्या तेलाची. पुढे अनेक वर्षांनी मला ह्या पुस्तकाची धड प्रत मिळाली, तेव्हा कळलं की खुनी दिवाणजीच होता, अगदी टुकार शेवट. पण त्या दिवशी बाबा त्या तेलाच्या बाटलीकडे क्षणभर बघत राहिले आणि वाचत राहिले. फक्त आता ते अडखळत नव्हते आणि भाषा पुस्तकातली राहिली नव्हती.

"सासवेन दार उघडल्यान. भायर सून उभी. भिजलेली. सासू म्हणता, कित्या येतंस गो रोज? सून म्हणता, माका येव नको म्हणान कोणी सांगूकच नाय. मी मेलंय ताय कोणी सांगूक नाय. ह्या माझा घर. मी कामाक येतंय. दार बंद असता, म्हणान भायर उभी ऱ्हवतंय. उघडतले, म्हणान उभी ऱ्हवतंय." बाबा थांबले. त्यांनी तेलाच्या जाहिरातीवरचा नसलेला परिच्छेद बोटाने शोधला. "मगे सासवेन तिका आत घेतल्यान. पाटार बसवल्यान. पेज वाढल्यान. म्हणाली, झाला ता झाला, आधी जेव."

गॅलरीत कुणाचा हात हलत नव्हता. मला बाबांच्या पाठीवर डोकं टेकावंसं वाटत होतं, पण आमच्या घरात तसं कुणी करत नसे. आई टिकल्यांचं कार्ड खाली ठेवून आत गेली आणि स्टोव्हला पंप मारू लागली. स्वयंपाकाची वेळ झाली नव्हती. ती पंप मारतच राहिली, तिचं रडणं आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून.

"ते सगळं ठीक आहे ओ भाऊ," पारकरकाकू डोळे पुसत म्हणाल्या. "पण तिला विहिरीत ढकललं कोणी?"

बाबांनी पुस्तक मिटलं आणि चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवला. "ता उद्या सांगतंय."

"उद्या किती वाजता?"

"तीनाक," बाबा म्हणाले. "वेळेवर येवा."